मुका मार, सीटी नॉर्मल, मग गाडी कधी?

डिस्चार्ज कार्डावर 'सीटी ब्रेन नॉर्मल' हे शब्द दिसले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस दुधाची पिशवी आणायला म्हणून स्कूटरची किल्ली उचलतो. "लांब कुठं चाललोय, गोडोलीच्या कोपऱ्यावर तर जायचंय." डोक्याला मार लागल्यानंतर साताऱ्यात गाडी पुन्हा सुरू होते ती बहुतेक वेळा अशी, म्हणजे नेमकी उलट्या टोकानं. दुचाकी सगळ्यात शेवटी यायला हवी, ती सगळ्यात आधी येते.

सीटी स्कॅनमध्ये हाडाचा तडा, रक्तस्राव, मोठी सूज दिसते. हादऱ्यामुळं मेंदूच्या पेशींचं कामकाज काही दिवस विस्कटतं, ते त्यात दिसत नाही. त्यामुळं नॉर्मल सीटीचा अर्थ इतकाच की ऑपरेशनची गरज नाही. गाडी चालवायची परवानगी त्यात कुठंही लिहिलेली नसते.

'हलका मार' हा शब्दही फसवा आहे. डॉक्टर तो पहिल्या दिवसाच्या मोजमापावरून वापरतात: जीसीएस, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे याचे गुण, १३ ते १५; शुद्ध हरपली असेल तर ३० मिनिटांपेक्षा कमी, अपघाताच्या आसपासचं काही आठवत नसेल तर तो काळ २४ तासांच्या आतला. बरं व्हायला किती दिवस लागतील, हे त्या शब्दावरून कळत नाही. बरेच जण दोन-चार आठवड्यांत पूर्ववत होतात, काहींना तीन महिने लागतात, थोड्यांना त्याहून जास्त.

गाडी चालवण्यात नेमकं काय अडतं ते आधी समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत. क्लच, गिअर, ब्रेक हे हातापायांच्या सवयीचं काम असतं आणि ती सवय हलक्या मारानं जात नाही. म्हणून मोकळ्या रस्त्यावर गाडी झकास चालते आणि माणसाला वाटतं, आपण ठीक आहोत. अडतं ते अचानक काही घडलं की. वडाप, म्हणजे प्रवासी भरणारी जीप, मध्येच थांबतं, त्याच वेळी उजवीकडून मोटरसायकल घुसते आणि मागून एसटीचा हॉर्न येतो. तीन गोष्टी एकदम बघून एक निर्णय घ्यायचा, इथं अर्धा सेकंद उशीर होतो. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे अर्ध्या सेकंदात साडेपाच मीटर, अर्ध्या एसटीइतकं अंतर. हायवेवर ताशी ८० असेल तर अख्खी एसटी. डोकं दुखायचं थांबल्यानंतरही ही मंदगती काही दिवस मागं उरू शकते. म्हणूनच 'आता काही त्रास नाही' एवढ्यावर किल्ली उचलायची नसते.

आधी कोणी थांबायचं

मार लागल्यापासून पहिले २४ ते ४८ तास कुणीही कोणतंही वाहन चालवायचं नाही, अगदी घरापासून दवाखान्यापर्यंतसुद्धा. त्यानंतरचं प्रत्येकाच्या लक्षणांवर अवलंबून.

अपघाताच्या वेळी किंवा नंतर फिट आली असेल, तर या लेखातल्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. न्यूरोलॉजिस्ट लेखी सांगेपर्यंत गाडी बंद. एकच गोष्ट दोन-दोन दिसत असेल, नजरेचा एखादा कोपरा गायब असेल, एका बाजूच्या हातापायात जोर कमी असेल, तरीही तेच.

साठीच्या पुढच्या माणसांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. कवटीच्या आत सावकाश साचणारं रक्त पहिल्या सीटीत नसतं आणि काही आठवड्यांनी त्रास देतं. डोकेदुखी कमी होण्याऐवजी वाढत गेली, माणूस सुस्त झाला, चालताना एका बाजूला जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं, तर गाडीचा विषय सोडून थेट दवाखाना गाठायचा. वारंवार उलट्या, झोपेतून नीट जागं न होणं, नाकाकानातून पाण्यासारखा द्रव येणं, यासाठी १०८ला फोन.

कागद आणि गोळ्या

फेरतपासणीला जाताना एक कागद घेऊन जा. जिल्हा रुग्णालय असो, कराडचं मोठं हॉस्पिटल असो की मिरजेचा न्यूरोसर्जन, डॉक्टरांकडं वेळ मोजकाच असतो. "गाडी चालवू का?" असं विचारलं की "सांभाळून चालवा" असं उत्तर मिळतं, आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. प्रश्न तुकडे करून विचारा. माझ्या कोणत्या लक्षणासाठी गाडी बंद ठेवायची? कोणत्या गोळीनं गुंगी येते? चारचाकी आणि दुचाकीसाठी वेगळं सांगाल का? रात्री चालवण्याबद्दल काय? उत्तर केसपेपरवर तारखेसह लिहून घ्या. कामावर रुजू होताना, विम्याच्या वेळी, घरातल्या वादाच्या वेळीही हाच कागद उपयोगी पडतो.

गोळ्यांकडं लोक फार कमी लक्ष देतात. डोकेदुखीसाठी रात्री दिलेली ॲमिट्रिप्टिलीन सकाळी दहापर्यंत रेंगाळू शकते. चक्करेची सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल, नसांसाठीची प्रीगाबालिन, फिट येऊ नये म्हणून दिलेली लेव्हेटिरासेटाम किंवा क्लोबाझाम, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली सर्दीची गोळी, या सगळ्या कमीजास्त गुंगी आणतात. नवी गोळी सुरू झाली किंवा डोस वाढला की गुंगीचा अंदाज येईपर्यंत गाडी नको. डोकेदुखी मारून गाडी चालवण्यासाठी वेदनाशामक घेऊ नका. एक तर शरीर देत असलेला इशाराच दाबला जातो. दुसरं म्हणजे महिन्यातले पंधराच्या वर दिवस साधी वेदनाशामक पोटात गेली की त्या गोळ्यांमुळंच डोकं दुखायला लागतं. दारू या काळात पूर्ण बंद. मार लागलेल्या डोक्याला एरवीचा निम्मा पेगही जड जातो.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १८६नुसार शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अयोग्य असताना, हे ठाऊक असूनही, सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणं गुन्हा आहे; पहिल्या वेळी १,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळी २,०००. लायसन्सच्या फॉर्म १मध्ये अपस्मार, अचानक शुद्ध हरपणं, चक्कर येणं याबद्दल स्वतःच्या सहीनं उत्तर द्यावं लागतं. चाळिशीनंतर आणि ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी डॉक्टरांचा फॉर्म १ए लागतो. तुमची गाडी साताऱ्याची एमएच-११ असो, कराडची एमएच-५० की सांगलीची एमएच-१०, नियम एकच. मात्र फॉर्म १ए ही जुजबी तपासणी असते. लक्ष किती टिकतं, निर्णय किती लवकर होतो, हे त्यात कुणी तपासत नाही.

घरातल्या घरात

गाडीला हात लावण्याआधी या गोष्टी जमायला हव्यात, त्याही सलग तीन-चार दिवस: अर्धा तास पेपर वाचणं, टीव्ही चालू असताना कुणाशी तरी बोलणं, भाजी मंडईत गर्दीच्या वेळी वीस मिनिटं फिरून यादीप्रमाणं सामान आणणं, दुपारची झोप न काढता संध्याकाळपर्यंत टिकणं. प्रत्येक कामाआधी आणि नंतर त्रासाला शून्य ते दहापैकी आकडा द्या. आधी १ होता आणि नंतर ३ किंवा जास्त झाला, म्हणजे दोननं वाढला, तर ते काम अजून पेलत नाही. वहीत लिहा. डोक्यात ठेवू नका, या काळात डोक्यात काही राहत नाही.

अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्यानं बरं होतं हा समज जुना झाला. पहिले एक-दोन दिवस आराम, मग रोज थोडं चालणं, झोपेची वेळ ठरलेली, मोबाइल बेताचा.

मान, डोळे आणि कान यांची तपासणी वेगळी. खुर्चीत बसून मान डावी-उजवी, मागची गाडी बघतो तशी, वीस वेळा वळवा. गरगरलं, मळमळलं किंवा मान अर्ध्यातच अडली, तर लेन बदलताना खांद्यावरून मागं बघता येणार नाही. अंथरुणावर कुशीवर वळताना मिनिटभराच्या आत थांबणारी गरगर असेल, तर बऱ्याचदा कानातले बारीक खडे जागचे हललेले असतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा चक्करेचं काम जाणणारा फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून ते जागेवर आणतो. पुष्कळदा एक-दोन बैठकींत काम होतं. त्यावर महिनाभर गोळ्या खात बसणं वाया.

डोळ्यांसाठी पेन नाकासमोर हातभर अंतरावर धरा आणि हळूहळू जवळ आणा. टोक दोन दिसायला लागतं ते अंतर मोजा. दहा सेंटिमीटरच्या बरंच आधीच दोन दिसलं, तर दोन्ही डोळे एकत्र वळण्यात कसर आहे. मीटर बघून पुन्हा रस्त्यावर नजर नेताना हीच कसर डोकेदुखी होऊन बसते. नेत्रतज्ज्ञांना 'नंबर तपासा' असं न म्हणता हे सांगा.

आता पट्टीची परीक्षा. शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी कुणाला तरी वरच्या टोकाला धरायला सांगा. तुमचा अंगठा आणि बोट शून्याच्या खुणेला, पट्टीला न टेकता. समोरच्यानं न सांगता सोडायची, तुम्ही पकडायची. १५ सेंटिमीटरवर पकडली तर वेळ झाला साधारण ०.१७ सेकंद, २० वर ०.२०, २५ वर ०.२३, हातातून सुटून पडली तर ०.२५च्या वर. दहा वेळा करा, सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट आकडा सोडा, उरलेल्या आठांची सरासरी घ्या. घरातल्या साधारण त्याच वयाच्या माणसालाही करायला लावा.

खरी गंमत पुढं आहे. हीच परीक्षा सतराचा पाढा मोठ्यानं म्हणत करा. पाढा पाठ असेल तर शंभरातून सात-सात वजा करत जा. मग दोन हातांत दोन पट्ट्या, समोरचा त्यातली कोणतीही एक सोडेल. साध्या परीक्षेत तुम्ही घरच्यांच्या बरोबरीनं आणि पाढा म्हणताना एकदम बरेच मागं पडत असाल, तर पोवई नाक्यासारख्या गजबजलेल्या चौकात काय होईल ते घरातच कळलं. सकाळी नऊला एकदा आणि संध्याकाळी सहाला एकदा करा. दोन्ही आकड्यांत मोठं अंतर असेल, तर सुरुवातीचे आठवडे गाडी फक्त सकाळची. ही परीक्षा पास झाली म्हणून गाडी चालवायला मोकळे असं मात्र नाही. नापास झाली तर नक्कीच नाही.

डाव्या सीटवरून

पुढची पायरी शेजारच्या सीटवर. दुसऱ्याला चालवू द्या आणि वीस मिनिटं मोठ्यानं बोलत राहा: "डावीकडं वडाप थांबलंय, दार उघडेल. पुढं गतिरोधक. रिक्षा इंडिकेटर न देता वळणार. बाई पोराला घेऊन रस्त्यात उतरली." चालवणाऱ्यानं तुमच्याकडून काय सुटलं ते मोजायचं, टोकायचं मात्र नाही. सुरुवातीला बहुतेकांचं पहिली दहा मिनिटं चांगलं चालतं, मग गळती लागते. कितव्या मिनिटाला गळती सुरू झाली तो आकडा महत्त्वाचा; पुढं स्वतः चालवायची पहिली वेळ त्याच्या निम्मी ठेवा. मोती चौक ते राजवाडा, बाजाराच्या वेळी, यासाठी उत्तम. तिथं पाच मिनिटांत दहा हिशेब करावे लागतात.

या फेऱ्यांत मळमळ, डोळ्यांवर ताण, हॉर्ननं डोकं उठणं जाणवलं, तर गाडी चालवताना ते वाढेल. आणखी आठवडाभर शेजारच्याच सीटवर.

उभी गाडी, मग ड्युअल कंट्रोल

उभ्या गाडीत पंधरा मिनिटं बसा. सीट एक खाच सरळ करा, आरसे नव्यानं लावा. मान आखडली असेल तर आरशांवर भिस्त वाढते, म्हणून बाहेरच्या आरशांवर प्रत्येकी एक छोटा गोल आरसा चिकटवा. इंडिकेटर, वायपर, डिप्पर, हॅझर्ड लाइट डोळे रस्त्याकडं ठेवून हाताला लागतात का बघा. पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर वीस वेळा न्या. पॅडल चुकत असेल तर आज इथंच थांबा.

यानंतर आपल्या गाडीत भाऊ किंवा मेहुण्याला शेजारी बसवून निघायचं, ही सर्रास चालणारी पद्धत. त्याला फक्त ओरडता येतं, ब्रेक मारता येत नाही. त्यापेक्षा मोटार ड्रायव्हिंग स्कूल गाठा. शिकवणी वाहनाला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असावा लागतो, तो नियमच आहे. लायसन्स असलेल्यांनाही चार-पाच तास मिळतात, मात्र फी भरण्याआधी स्पष्ट सांगा: "गाडी येते, डोक्याला मार लागल्यानंतर परत सुरू करतोय, तुम्ही बघा आणि नोंद करा." त्यांना शिकवायची सवय असते, बघत बसायची नाही, म्हणून काय बघायचं तेही सांगा. आरसा न बघता वळतो का. लेनमध्ये एका बाजूला सरकतो का. ब्रेक उशिरा आणि जोरात लागतो का. सांगितलेलं वळण विसरतो का. बोलता बोलता वेग बदलतो का. शेवटच्या दहा मिनिटांत हे वाढतं का. ज्यानं हजारो नवशिके पाहिलेत त्याची नजर घरच्यांपेक्षा तटस्थ असते.

पहिला तास मोकळ्या मैदानावर. ताशी ३० वर असताना शेजारी बसलेल्यानं अचानक "थांब" म्हणायचं आणि तुम्ही करकचून ब्रेक मारायचा, सात-आठ वेळा. मागं काही नाही याची खात्री करूनच.

रस्ते कोणत्या क्रमानं

एक नियम सगळीकडं: प्रत्येक पायरी निदान दोन वेगवेगळ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्रासाचा आकडा वाढता कामा नये. वाढला तर एक पायरी खाली. चाललेला प्रवास चांगला झाला आणि संध्याकाळी डोकं फुटायला आलं, म्हणजे उसनं काढून चालवलं.

सुरुवात घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यानं, कोरडा दिवस, सकाळी सात ते नऊ, दहा-पंधरा मिनिटं. रस्ता असा निवडा की फक्त डावीकडं वळत परत घरी येता येईल. आपल्याकडं डावं वळण सोपं. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडं वळणं सगळ्यात कठीण, कारण समोरच्याचा वेग, मागच्याची घाई आणि पायी चालणारे एकाच वेळी बघावे लागतात. त्यासाठी वेगळा आठवडा ठेवा. रेडिओ बंद, मोबाइल मागच्या सीटवर, गाडीत गप्पा मारणारी माणसं नकोत.

मग बाजार. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालून जाणाऱ्या रस्त्यात, पहिल्यांदा उतरताना एक गोष्ट जाणवेल: लख्ख उन्हातून एकदम सावलीत जाताना डोळ्यांना सरावायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि बाहेर पडताना उजेड टोचतो. उतरण्याआधी वेग कमी करा, काळा चष्मा लावला असेल तर आधीच काढा. उजेड सहन होत नाही म्हणून काचांवर काळी फिल्म लावायचा मोह होतो. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायलाच हवा, असा नियम आहे. टोपी, सन व्हायजर आणि दिवसा काळा चष्मा एवढं पुरतं. काळा चष्मा घरात दिवसभर लावून बसू नका, त्यानं उजेडाचा त्रास उलट टिकून राहतो.

हायवेचा मोह लवकर होतो, कारण तो सरळ दिसतो. पण हलक्या मारानंतरचं डोकं एकसुरी रस्त्यावर लवकर शिणतं, आणि शीण आलाय हे चालवणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. आधी सर्व्हिस रोड. मग वाढे फाटा ते शेंद्रे एवढा तुकडा, डाव्या लेननं, ताशी ६०. दुसऱ्या आठवड्यात उंब्रजपर्यंत. तीस मिनिटं झाली की थांबायचं, दमलात की नाही ते न बघता. कामं चालू असलेल्या ठिकाणी डायव्हर्शन रोज बदलतं. कालचा रस्ता आज तसाच असेल असं धरून चालू नका.

घाटाला घाई नको. वळणावर डोकं आणि नजर वेगवेगळ्या दिशेनं फिरतात. कानातली तोलाची यंत्रणा अजून कच्ची असेल तर यवतेश्वरच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावरच ते कळतं. पहिल्यांदा तो घाट शेजारच्या सीटवरून करा. मग सकाळी लवकर, आडवारी. कासची फुलं असतात त्या दिवसांतल्या शनिवार-रविवारी तर नकोच. पावसाळ्यातलं धुकं असेल तर परत फिरा. पुण्याच्या रस्त्यावर खंबाटकीला घाट आणि बोगदा लागतो, उतार आणि वळण. तिथं अंधार-उजेड, वेग आणि वळण असं तिन्ही एकदम येतं. पसरणी आणि केळघर हे घाट त्यानंतर.

घाटाच्या निमित्तानं एक आडवळणाची गोष्ट. डोक्याच्या मारानं काहींचं वास येणं बंद होतं, आणि ते त्यांच्या आठवडे लक्षात येत नाही. हाफ क्लचवर चढताना क्लच जळाल्याचा वास, पेट्रोलची गळती, वायर तापल्याचा वास, ड्रायव्हरला यातलं काहीच कळत नाही. घरी डोळे मिटून कॉफी, लसूण, अगरबत्ती ओळखून बघा. येत नसेल तर गाडी थांबवायची गरज नाही, पण टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेवायची सवय लावा आणि पेट्रोलचे पाइप गॅरेजमध्ये एकदा दाखवा.

रात्र चारचाकीत सगळ्यात शेवटी. समोरच्याचा अप्पर डोळ्यांत गेला की पुन्हा नीट दिसायला लागणारा वेळ वाढलेला असतो. नोव्हेंबर ते मार्च हा गाळप हंगाम. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला आणि ट्रॅक्टरवर गाण्यांचा दणका. धडधाकट माणसालाही ती ट्रॉली शेवटच्या पन्नास मीटरवर दिसते. या महिन्यांत शेंद्रे, कराड, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), सांगली या पट्ट्यात रात्रीची गाडी टाळता येत असेल तर सरळ टाळा, तुम्ही कितीही बरे झाला असाल तरी.

आणि मग दुचाकी

चारचाकी दिवसा बाजारात आणि हायवेवर विनात्रास जमायला लागली की दुचाकी. तोल, मान वळवणं, खड्डा आणि हेल्मेटचं वजन हे सगळं तिथं एकदम येतं, आणि चूक झाली तर परत डोक्यालाच लागतं. पहिला मार पूर्ण भरून यायच्या आत दुसरा लागला, तर बरं व्हायला पहिल्यापेक्षा बराच जास्त काळ लागतो. क्वचित जिवावरही बेततं.

ज्या हेल्मेटनं मार खाल्ला ते फेकून द्या, वरून चांगलं दिसत असलं तरी. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो. नवं घेताना आयएस ४१५१ आणि आयएसआय खूण, पूर्ण तोंड झाकणारं, आणि दुकानात दहा मिनिटं डोक्यावर ठेवून बघायचं. टाके पडलेल्या जागी दुखत असेल तर जखम पूर्ण भरेपर्यंत दुचाकी नाही. हेल्मेट सैल घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

तोलासाठी घरी: एका पायावर उभं राहणं, डोळे उघडे, निदान दहा सेकंद. मग रेषेवरून टाचेला बोटं लावत दहा पावलं. हे डळमळत असेल तर गाडी डबल स्टँडवरच राहू द्या. मैदानावर अगदी हळू, ताशी १० किलोमीटरला सरळ रेषेत जमतंय का बघा. वेगात तोल आपोआप राहतो, खरी परीक्षा संथ गतीत. मग आठचा आकडा, मग मागं बघून परत सरळ. मागं कुणाला बसवायचं ते आणखी महिनाभरानं. लहान मूल टाकीवर बसवून नेऊ नका, हे एरवीही लागू.

गाडीवर पोट असणाऱ्यांसाठी

ट्रक, वडाप, टेम्पो, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना चार आठवडे घरी बसणं परवडत नाही, हे खरं. पण त्यांचा दिवस आठ-दहा तासांचा असतो, आणि वरच्या पायऱ्या पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंतच्या आहेत. मालकाशी बोलून आधी दिवसपाळी, जवळच्या फेऱ्या, रिकामी गाडी आणि सोबत दुसरा ड्रायव्हर असा करार करा. तीन तासांपासून सुरुवात, आठवड्याला दोन तास वाढ. मालाची चढ-उतार पहिले काही आठवडे दुसऱ्यावर सोपवा. वाकून वजन उचललं की डोकेदुखी उसळते आणि नंतरची गाडी त्यातच चालवली जाते. डॉक्टरांचा तारखेचा कागद मालकाला दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ प्रत स्वतःकडं.

घरच्यांनी चार गोष्टींवर नजर ठेवायची: बंपरवर नवे ओरखडे, ओळखीचं वळण चुकणं, सारखी बंद पडणारी गाडी, आणि छोट्या गोष्टीवरून रस्त्यात भांडणं. शेवटचं नवीन असेल तर तो स्वभाव समजू नका, तेही माराचंच लक्षण असतं. वहिनी किंवा मुलगी म्हणाली की "तुम्ही आज चालवू नका", तर त्या दिवशी वाद न घालता किल्ली तिच्याकडं.

चालवताना मध्येच डोकं जड झालं, अक्षरं पुसट दिसली किंवा आवाज लांबून आल्यासारखे वाटले, तर 'पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ' असं करू नका. हॅझर्ड लाइट, आरसा, डावीकडं, रस्त्याच्या पूर्ण बाहेर. घाटात असाल तर वळणावर न थांबता वळण संपल्यावर रुंद जागी. हँडब्रेक, पहिला गिअर, इंजिन बंद. पाणी प्या, मान टेकून पंधरा मिनिटं डोळे मिटा. त्यानंतर बरं वाटलं तरी उरलेला रस्ता स्वतः चालवायचा नाही. म्हणून या काळात घराबाहेर पडतानाच ठरवून ठेवा, फोन केला तर गाडी न्यायला कोण येणार, आणि तो माणूस त्या वेळी खरोखर मोकळा आहे का.